फोन बाजूला ठेवला. आता या हातांचं काय करू?

निवांत_नाही | रविवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

दीड महिन्यापूर्वी फोनमधला वापराचा तक्ता पहिल्यांदा नीट उघडून बघितला. रोजची सरासरी ४ तास ५० मिनिटं. गंमत म्हणजे आदल्याच आठवड्यात मैत्रिणीला ठासून सांगितलं होतं की बाई गं, मला काही फोनचं वेड नाही. त्याच रात्री तीन ॲप उडवली, नोटिफिकेशन बंद केली. दुसऱ्या दिवशी गजराचं घड्याळ आणलं आणि फोन झोपताना दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. आता आकडा सव्वा तासावर आलाय. म्हणजे जिंकले म्हणायला हरकत नाही.

पण ते वाचलेले साडेतीन तास मला सापडतच नाहीयेत. काल संध्याकाळी घरात एकटी होते, काही काम नव्हतं. खिडकीत उभी राहिले. कपाट उघडलं, बंद केलं. फोनचं कव्हर पुसलं (हसू नका). शेवटी टीव्ही लावला आणि अकरा वाजले.

त्यात न्हाणीघरातला नळ महिनाभर ठिबकतोय. खाली बादली ठेवलीय. दुरुस्तीवाला शोधायला म्हणून फोन उचलायचा आणि अर्ध्या तासाने भलतंच काहीतरी बघत बसलेलं असायचं, असं चारदा झालं. काल टीव्हीच्या आवाजातही ती टपटप ऐकू आली, तेव्हा लक्षात आलं की महिनाभरात त्या नळाकडे मी एकदाही निरखून पाहिलेलं नाही. तो उघडतो कसा, माहीत नाही. घरातल्यांचे नंबर पाठ नाहीत. रोजचा रस्ता सोडला तर नकाशाशिवाय कुठे जाता येत नाही. वय ४१.

तर प्रश्न असा: ज्यांनी फोन कमी केला, त्यांच्याकडे त्या जागी काय आलं? ॲप कशी बंद करायची ते नका सांगू, ते झालंय. आणि हे आपलं आपल्याला काही करता न येणं आणि फोन, यांचा खरंच संबंध आहे, की मी दोन वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध मागतेय?

चक्रम | ७:५२

रुमाल टाकून ठेवतो. फोनवरूनच. अंथरुणातूनच.

खटपट्या | ८:३०

बाकीचं नंतर, आधी नळ.

नळ बंद करायला मूठ दोन-तीन वेढे फिरवावी लागते की पाव वेढ्यात बंद होतो? पाव वेढ्याचा असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते दुरुस्त करत नाहीत, सबंध बदलतात. दोन-तीन वेढ्यांचा जुना नळ असेल तर दहातल्या नऊ वेळा वायसर गेलेला असतो. रबराची एक छोटी चकती, बस्स.

नळाला येणारं पाणी मागच्या चावीने बंद करा. नळ उघडून आतलं सांडू द्या. मुठीचा स्क्रू काढा, खालचा नट पान्याने सैल करा, स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, फिरवत बाहेर काढा. त्याच्या बुडाला वायसर दिसेल, झिजलेला किंवा मधोमध खड्डा पडलेला. तो घेऊन दुकानात जा आणि तसाच मागा. मापाच्या भानगडीत पडू नका. सुरू करण्याआधी मोरीच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर स्क्रू आत जातो. माझे दोन गेलेत.

उरलेल्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं याच्यातच आहे, पण आत्ता हात ग्रीसचे आहेत.

वाचाळवीर | ९:१५

संबंध आहे की नाही याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागेल.

पूर्वी वेबपानाला बूड असायचं. खाली पोचलं की "पुढचं पान" असं लिहिलेलं, त्यावर बोट ठेवावं लागे. त्या क्षणभरात माणूस विचार करायचा, की झालं, उठू या. २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने ते बूडच काढून टाकलं. सरकवत राहा, पान संपत नाही. वाचकाची सोय हाच हेतू होता. नंतर त्यानेच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर पोट भरल्यावर कबुतर थांबतं, आणि दाणे बंद झाले की लवकरच नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, केव्हा मिळेल ते कळत नाही, असं ठेवलं की ते चोच मारतच राहतं. जुगाराच्या यंत्राचं तंत्र हेच. फोन उघडल्यावर कधी काहीच नसतं, कधी कुणाचा तरी निरोप असतो. तुम्ही चारदा नळासाठी फोन उचललात आणि चारदा भलतीकडे गेलात, त्यात तुमच्या स्वभावाचा दोष फार थोडा आहे.

ग्लोरिया मार्क या संशोधक माणसं कामात असताना पडद्यावर एका गोष्टीवर किती वेळ टिकतात ते मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती. अलीकडच्या मोजण्यांत ती ४७ सेकंदांवर आली आहे. आता ४७ सेकंदांत वायसर बदलून होतो का, खटपट्यांना विचारा.

खटपट्या | ९:२१

४७ सेकंदांत पाना सापडत नाही.

जुनाट | १०:०५

वाचाळवीर, दरवेळी कबुतरं काढलीच पाहिजेत का? मी ६८ वर्षांचा आहे. आमच्या तरुणपणी कादंबऱ्यांना नावं ठेवत, मग रेडिओला, मग टीव्हीला. माझे वडील वर्तमानपत्रात डोकं घालून बसले की घराला आग लागली तरी उठले नसते. नळ तेव्हाही ठिबकायचे. बाईंनी आळस केला, फोनचं फक्त निमित्त. (हलके घ्या.)

वाचाळवीर | १०:२०

जुनाटकाका, वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपायचं. माझा मुद्दा तेवढाच आहे.

सुईदोरा | ११:४०

निवांत_नाही, तुमच्या खिडकीतल्या उभं राहण्याला माझा नमस्कार. मी त्यातून गेलेय. पहिले तीन आठवडे नुसती चिडचिड. आपण रिकाम्या आहोत हे वाईट वाटत नव्हतं, हात रिकामे आहेत हे वाटत होतं. अंगठा आपोआप हलायचा.

मी शिवणाकडे वळले ते काही ठरवून नाही. कोटाचं बटण तुटलं म्हणून. बटण लावता येतं असं मला वाटायचं. येत नव्हतं. जाड कापडावर घट्ट लावलं की काजातून जाताना कापड ओढलं जातं आणि महिन्यात दोरा तुटतो. मग शेजारच्या आजींनी दाखवलं: बटणावर आगकाडी आडवी ठेवायची, तिच्यावरून टाके घालायचे, काडी काढून घ्यायची. दोरा सैल होतो. मग बटण वर ओढून त्याच्याखाली तोच दोरा चार-पाच वेळा गुंडाळायचा आणि गाठ मारायची. बटणाला छोटीशी मान तयार होते. ते बटण कोट फाटेल पण निघणार नाही.

मला त्या मानेचं इतकं कौतुक वाटलं की घरातल्या सगळ्या बटणांना माना केल्या. मग रफू शिकले. पहिलं रफू इतकं भयंकर झालं की भोक बरं होतं असं मुलगा म्हणाला. आता तोच कपडे आणून देतो.

वेळ कुठे गेला ते सांगते: शिकण्यात कमी, चुकलेलं उसवण्यात जास्त. आणि उसवताना फोन आठवत नाही, हा माझा अनुभव. का ते मला माहीत नाही. बहुतेक दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून.

चक्रम | ११:४४

वहिनींनी लाख मोलाची गोष्ट सांगितली. दोन्ही हात गुंतवा. मी आता दोन फोन घेतो.

दोन_शिफ्ट | दुपारी २:१०

रिकामे साडेतीन तास! वाचूनच हेवा वाटला.

राग मानू नका, पण हा धागा ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचा आहे. माझी आई अंथरुणाला खिळलेली, मी आठ तास नोकरी करते, दिवसभर तिच्याजवळ एक मदतनीस असते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा सल्ला मला परवडत नाही, कारण तो वाजला आणि मी उचलला नाही असं एकदा झालंय. त्या दिवसाबद्दल लिहीत नाही.

मी केलं ते एवढंच: तीन नंबर सोडून बाकी कुणाचाही फोन, निरोप, काहीही आवाज करत नाही. ही सोय बहुतेक फोनमध्ये असते. आता वाजला की खरंच काहीतरी असतं, आणि वाजला नाही की नाही, हे मला कळतं. पूर्वी दर पाच मिनिटांनी बघायचे ते कुतूहलाने नाही, भीतीने. भीती कमी झाली तशी बघणंही कमी झालं.

आणि ते "पूर्वी लोक कसे सगळं आपलं आपण करायचे" वगैरे कुणी लिहिण्याआधीच सांगते: घरातल्या पुरुषांचं स्वावलंबन घरातल्या बाया करायच्या.

तिरकस | २:३५

दोन_शिफ्ट यांना टाळ्या. आणि आता कुणीतरी थोरोला, त्या साधेपणाने जगण्यावर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाला, आणणारच, तर मीच आणतो. ४ जुलै १८४५ रोजी गृहस्थ वॉल्डन तळ्याकाठी झोपडीत राहायला गेले, दोन वर्षं दोन महिने राहिले, आणि जगभरच्या विचारपूर्वक जगणाऱ्यांचे कुलदैवत झाले. जमीन मित्राची, एमर्सनची. गाव दीड मैलावर. वरचेवर घरी जेवायला. कपडे घरचेच धुवायचे म्हणतात. एवढं स्वावलंबन मलाही जमेल.

वाचाळवीर | ३:०५

तिरकस, हा विनोद आता फार झाला. आपण संन्यास घेतलाय असा त्याचा दावाच नव्हता. झोपडीत तीन खुर्च्या होत्या, म्हणजे पाहुण्यांची तयारी होती. दोन्ही वर्षं गावात जा-ये होती.

मला त्याची वेगळीच गोष्ट आवडते. घरचा धंदा शिसपेन्सिलींचा. तिथल्या पेन्सिली रेघ काढताना भुगा सांडणाऱ्या असत. थोरोने ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून त्या सुधारल्या. मातीचं प्रमाण बदललं की शिसं कडक किंवा मऊ होतं. शिवाय जमीन मोजणी यायची, त्यावर पैसे मिळवायचा. झोपडी स्वतः बांधली आणि तिचा खर्च पै-पैसह लिहून ठेवला: २८ डॉलर साडेबारा सेंट. तळ्याकाठी गेला तेव्हा हातात कसब होतं. कसब नसलेला माणूस तिथे गेला असता तर दोन दिवसांत खिडकीत उभा राहून कपाट उघड-बंद करत बसला असता.

निवांत_नाही | ३:२०

हा टोला मला होता ना?

वाचाळवीर | ३:२२

प्रेमाने.

तिरकस | ३:३०

पेन्सिलीचं माहीत नव्हतं. मागे घेतो. जेवणाचं नाही घेत.

पांढरी_काठी | रात्री ८:५०

दिवसभर धागा ऐकतोय. ऐकतोय असंच म्हणतो, कारण मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो.

फोनमुळे माणसं परावलंबी झाली हे वाक्य माझ्या बाबतीत तंतोतंत उलटं आहे. २००९ मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं, त्याआधी सपाट काचेचा फोन म्हणजे माझ्यासाठी पाटीचा तुकडा होता. आज औषधाचं खोकं कॅमेऱ्यासमोर धरलं की नाव कळतं. आलेलं पत्र वाचायला शेजारी जावं लागत नाही. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. स्वतःचं खासगी पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय असलेल्या माणसाला ते किरकोळ नसतं.

आणि तरीही मी निवांत_नाही यांच्या बाजूचा आहे. कारण तोच फोन मलाही रात्री दीडपर्यंत जागवतो. ध्वनिफिती एकामागून एक आपोआप सुरू होतात. पडदा बघायची गरज नाही, त्यामुळे डोळे थकतात हे निमित्तसुद्धा मला मिळत नाही.

मी वेगळी रेघ ओढतो. मी फोनला काही विचारलं आणि त्याने सांगितलं, तर तो काठीसारखा. न विचारता तो बोलायला लागला की न बोलावता घरात आलेला माणूस. घरात किती माणसं बोलवायची ते आपण ठरवतोच की.

दोन_शिफ्ट | ९:१०

पांढरी_काठी, हे पटलं. माझे तीन नंबर म्हणजे तेच.

सुईदोरा | ९:१४

+१

नकाशा_नको | सोमवार, सकाळी ६:५५

उशिरा आलो. रस्त्यांच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही म्हणून.

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले साधारण २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० मध्ये एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाने अशा १६ चालकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागांची आठवण सांभाळणारा भाग, त्याची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी निघाली. जितकी वर्षं टॅक्सी, तितकी जास्त.

मी हे वाचून एकच नियम केला. जाताना नकाशा लावायचा, येताना नाही. पहिल्या महिन्यात तीनदा चुकलो, त्यातल्या एकदा चांगला दीड तास. बायको सोबत होती. त्या दीड तासावर वेगळा धागा निघेल. पण आता जातानाच आपोआप खुणा टिपल्या जातात: वळणावरचं मोठं झाड, निळं फाटक, चढ कुठे सुरू होतो. कारण माहीत असतं की परत येताना सांगणारं कुणी नाही.

नंबरांचंही तसंच. एका आठवड्याला एक. नावावर बोट ठेवून फोन लावायचा नाही, आकडे दाबायचे. सातव्या दिवशी बोटांना पाठ होतो.

जुनाट | ७:३०

ही टॅक्सी कबुतरांपेक्षा बरी. काल जरा तिरकं लिहिलं गेलं. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर माझा तक्ता ६ तासांचा आहे. नातीने काढून दाखवला. म्हणून राग आला होता.

वाचाळवीर | ७:४५

काका, आता तुम्हाला नावं ठेवली तर मीच जुनाट ठरेन. तुम्हाला पूर्वी काय काय करता यायचं?

जुनाट | ७:५८

सायकल पूर्ण खोलून जोडता यायची. पंक्चर तर डोळे मिटून. ट्यूब पाण्यात धरायची, बुडबुडे दिसले की तिथे खूण, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्यूशन लावून जरा वाळू द्यायचं, मग ठिगळ. पोरं सोल्यूशन ओलं असतानाच ठिगळ दाबतात, म्हणून सुटतं. नातीची सायकल दोन महिने तशीच पडून आहे.

खटपट्या | ८:०१

मग वाट कसली बघताय काका?

संपादक मंडळ | ८:४०

नळ, बटणं आणि आता पंक्चर. धागा तंत्रविभागात हलवावा अशी एक तक्रार आली आहे. हलवत नाही आहोत. चालू द्या.

शंकासुर | ११:२०

सगळं वाचलं. छान आहे, पण एक गोष्ट खुपली. फोन नुसता टेबलावर असला तरी डोकं कमी चालतं, असा २०१७ चा एक गाजलेला अभ्यास आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी चाचणीत बाजी मारली होती. तो पुन्हा करून बघितल्यावर सगळ्यांना तसाच निकाल मिळालेला नाही. सांगायचं कारण, "दुसऱ्या खोलीत ठेवा" हा मंत्र प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. मला तर फोन दूर असला की तोच डोक्यात घोळतो. मी तो समोर ठेवतो, पालथा, त्याच्यावर चष्म्याचं घर. घर हलवायचा कंटाळा येतो आणि फोनपासून वाचतो.

चक्रम | ११:२६

शंकासुरांचा कंटाळा हे या धाग्यातलं सर्वात भरवशाचं तंत्रज्ञान आहे.

निवांत_नाही | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९:३०

धागा वर आणतेय. हिशेब द्यायचा राहिला होता.

नळ दोन वेढ्यांचा निघाला. पहिल्या रविवारी पाणी मागून बंद केलं असं मला वाटलं. ते गरम पाण्याचं होतं. स्पिंडल बाहेर आला आणि मग जे झालं ते अंगावर झालं. ओरडत योग्य चावी शोधली, लादी पुसायला तासभर. फडकं टाकलं होतं, त्यामुळे स्क्रू वाचला, खटपट्यांचे आभार. वायसर खरंच खड्डा पडलेला होता. तो मुठीत घेऊन दुकानात गेले, तसाच मागितला, बदलला. तीन दिवस टपटप बंद. चौथ्या दिवशी पुन्हा सुरू, पण मंद.

रिकाम्या जागेत काय आलं, हे मीच विचारलं होतं. खरं सांगते, अजून फारसं काही नाही. दोन नंबर पाठ झाले, बहिणीचा आणि मैत्रिणीचा. संध्याकाळी अजूनही कधीकधी खिडकीत असते. फक्त आता कपाट उघडल्यावर दिसतं की त्याची बिजागरी सैल आहे. महिन्यापूर्वी दिसली नसती. जुनाटकाका म्हणाले तो आळस, वाचाळवीर म्हणाले ते कबुतर, दोन्ही माझ्यात आहेत. सव्वा तासाचा परवा दोन तास झाला होता, तेही लिहून ठेवते.

दोन_शिफ्ट, तुमची तीन नंबरांची युक्ती घेतली. फोन आता शांत असतो.

सुईदोरा | ९:४१

भिजलेल्या कपड्यांचं बटण तुटलं असेल तर कळवा.

जुनाट | ९:५०

सायकल झाली. सोल्यूशन वाळू दिलं होतं. नातीने बघितलं आणि विचारलं, हे कुठल्या व्हिडिओत शिकलात.

खटपट्या | १०:०२

चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झालं म्हणजे वायसर ज्यावर बसतो ती पितळी कडा खडबडीत झालीय. नवा वायसर तिच्यावर दर वेळी कापला जाणार. ती घासून सपाट करायचं एक छोटं हत्यार मिळतं. पण आधी बोट फिरवून बघा, खरखर लागते का. आणि आतला एक फोटो टाका.

निवांत_नाही | १०:०६

सकाळी टाकते. हे लॅपटॉपवरून लिहितेय, फोन दुसऱ्या खोलीत आहे. बोट आत्ता फिरवून येते.